भट्टीपासून लांबचं टेबल

वडील भोसरीच्या एका कारखान्यात भट्टीवर काम करतात. मी कॉलेजच्या वसतिगृहात आल्यापासून आमचं बोलणं ‘जेवलीस का’ एवढ्यावरच आलं होतं. माझा अभ्यास त्यांना कसा सांगावा, हे मला कळत नव्हतं.

परवा आम्ही यीस्टच्या पेशी तापवल्या. थेट कडक उष्णतेत ठेवलेल्या बहुतेक मेल्या. आधी थोडा वेळ कोमट ठेवून मग त्याच उष्णतेत ठेवलेल्या मात्र बऱ्याच वाचल्या. सरांनी सांगितलं, की उष्णतेने पेशीतली प्रथिनं आपला आकार सोडतात. कोमट असतानाच पेशी काही मदतनीस प्रथिनं तयार करून ठेवते आणि ती बाकीच्यांना सावरतात. मला वडिलांच्या कारखान्यातली रीत आठवली. जत्रेची सुट्टी संपवून आलेल्या माणसाला तिथला फोरमन पहिले दोन दिवस भट्टीपासून लांबच्या टेबलावर काम देतो.

त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत मी फोन केला आणि अडखळत सगळं सांगितलं.

“मग तुझ्या पेशींचा फोरमन कोण गं?” ते हसले.

“ही प्रथिनंच, अण्णा.”

“आन् एकदा सवय झाली की टिकती का?”

“नाही. काही वेळाने जाते.”

“व्हय, आमचीबी जाती. म्हणून तर लांब बसवतो.” मग म्हणाले, “मला पहिल्या दिवशी कुणी न्हाई बसवलं. चक्कर येऊन पडलो हुतो.”

हे त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. मला पुढचं विचारायचं होतं, पण भोंगा वाजला आणि ते कामावर गेले. रविवारी घरी जायला अजून चार दिवस होते. ते सरता सरत नव्हते.