मामांची बिनक्रियापदाची पत्रिका

इंग्रजांनी जाताना आपली भाषा नेमकी कोणाच्या स्वाधीन केली, असं कोणी विचारलं असतं, तर पनवेलच्या तळ्यामागे राहणाऱ्या आमच्या हिच्या मामांनी निःसंकोच स्वतःकडे बोट दाखवलं असतं. त्यातली क्रियापदं तेवढी त्यांनी इंग्रजांना परत करून टाकली होती. क्रियापद काळ बदलला की बदलतं, माणूस बदलला की बदलतं, अशा चंचल शब्दाच्या नादी सभ्य माणसाने लागू नये, असं त्यांचं मत. एक भरभक्कम नाम घ्यावं आणि इंजिनाला डबे जोडावेत तसं त्याच्यामागे ऑफ, इन, फॉर, विथ जोडत जावं, की झालं इंग्रजी. जगात एवढ्या इंग्रजीवर कोणाचं काही अडत नाही, हे ते छातीठोकपणे सांगत.

या मताचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. मुंबईला फोर्टातल्या एका कचेरीत त्यांनी सारा जन्म पत्रांचे विषय लिहिण्यात घालवला. पत्र साहेब सांगायचे, टंकलेखक बडवायचा, पण वर 'सब्जेक्ट' म्हणून जी ओळ असते ती मामांची. 'रिक्वेस्ट फॉर एक्स्टेन्शन ऑफ टाइम फॉर सप्लाय ऑफ स्पेअर पार्ट्स टू द वर्कशॉप ॲट कुर्ला' ही त्यांची आवडती ओळ, आणि ती ते पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवत. खालचं पत्र त्यांनी कधी वाचलं नसावं. विषय कळल्यावर पत्र वाचतो तो मूर्ख, हे त्यांचं दुसरं मत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातच इंग्रजीची शिकवणी काढली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, नवीन पनवेलात इमारतींवर इमारती उठत होत्या, आणि आपल्या पोराला फाडफाड इंग्रजी यावं म्हणून आईबाप कुठेही पैसे भरायला तयार होते. मामांच्या घराच्या ओसरीवर पोरं मांडी घालून एका सुरात म्हणत, 'मॅन विथ अ बॅग नियर द स्टँड', 'फिअर ऑफ डॉग्ज', 'इंटरेस्ट इन क्रिकेट', 'रीझन फॉर ॲब्सेन्स'. तो माणूस स्टँडजवळ बॅग घेऊन करतोय काय, हे विचारायची सोय नव्हती. माझ्या माहितीप्रमाणे त्या शिकवणीतला एकही विद्यार्थी पुढे इंग्रजीत बोलला नाही, पण अर्जाचा विषय मात्र सगळ्यांना उत्तम लिहिता येई.

शिकवणीपुरतं असतं तर चाललं असतं, पण मामा जगतसुद्धा तसेच होते. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय, तर मामा सावकाश सुरू करत, 'पेन इन द लोअर पार्ट ऑफ द लेफ्ट साइड ऑफ द स्टमक आफ्टर मील्स', आणि तोवर डॉक्टर पुढच्या पेशंटला तपासत असत. एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत वाकून एकदा त्यांनी 'बस टू पेण विथ अ सीट बाय द विंडो' अशी मागणी केली. आतला माणूस जवळच्या गावातला होता. त्याने थंडपणे सांगितलं, "पेणची बस हाय. खिडकीचं आमाला ठावं नाय." मामा मला म्हणाले की त्याच्या बोलण्यात क्रियापदं फार आहेत. शेजारच्या जोशीकाकूंचे वडील वारले तेव्हा मामा भेटायला गेले, आणि नातवाने लिहिलेल्या तारेतला मजकूर सुधारून, 'डेथ ऑफ ग्रँडफादर ड्यू टू ओल्ड एज' असा करून परतले. काकू वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि ते मामांच्या लक्षातही आलं नाही.

हे सगळं सोसणारं माणूस घरात एकच होतं, त्यांची मुलगी सुषमा. मामी गेल्या तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून स्वयंपाक, शिकवणीच्या पोरांचं पाणी, मामांची औषधं, सगळं तिच्याकडे. 'कप ऑफ टी विदाउट शुगर' असा पुकारा ओसरीवरून आला की ती आतून मराठीत "आणते" म्हणायची. तिचं लग्न पेणला ठरलं तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला. मुलगा दिलीप बँकेत, वडिलांचा गणपतींचा कारखाना, घर खातंपितं, आणि मुख्य म्हणजे मुलाला सुषमा आवडलेली.

आणि मामांनी पत्रिका स्वतः लिहायला घेतली. इंग्रजीत.

छापून आली तेव्हा ती मी वाचली आणि खुर्चीत बसलो. गणपतीच्या चित्राखाली एकच लांबलचक नाम होतं. 'वेडिंग ऑफ सुषमा, ओन्ली डॉटर ऑफ लेट मालतीबाई ऑफ द हाउस बिहाइंड द लेक ॲट पनवेल', मग शिरढोणच्या आजीची नात, मग बाजाराजवळच्या शाळेची विद्यार्थिनी, मग रांगोळीतल्या पहिल्या बक्षिसाची मानकरी, मग मुहूर्त, मग कार्यालय, मग स्टँडवरून कार्यालयाकडे येण्याचा रस्ता, आणि सगळ्यात शेवटी, अगदी कडेला, 'विथ दिलीप ऑफ पेण'. बस. मुलाच्या वडिलांचं नाव नाही, आजोबांचं नाही, काकांचं नाही. लग्नात ज्यांचा पहिला मान, त्या घराण्याचं सबंध पत्रिकेत एका गावापलीकडे काही नाही.

मी काही बोलण्याआधीच पहिला गठ्ठा पेणला पोचला होता. दुसऱ्या दिवशी मध्यस्थ निरोप घेऊन आले. व्याह्यांनी कळवलं होतं, मुलीच्या बापाने समोर येऊन खुलासा करावा, नाहीतर बोलणी संपली असं समजावं. मामा 'रीझन फॉर अँगर' शोधत बसले. सुषमाने मला आत बोलावलं. तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "भावोजी, बाबांना एकटं पाठवू नका. ते तिथे इंग्रजी बोलतील."

ती भीती खरी होती. बसमध्ये मामा सारा वेळ पुटपुटत होते, 'अपॉलॉजी फॉर ओमिशन ऑफ नेम्स ऑफ एल्डर्स'. मी हात जोडून म्हटलं, मामा, आज मराठी बोला. ते म्हणाले, मराठीत माफी मागायची सवय नाही, चुकेल.

व्याही कारखान्यातच बसले होते. दोन्हीकडे न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा, मधे ते आणि त्यांचे थोरले बंधू. पाणी कोणी विचारलं नाही. व्याह्यांनी पत्रिका पुढे टाकली आणि म्हणाले, "यात आम्ही कुठे आहोत ते दाखवा."

मामांनी चष्मा लावला. "रिग्रेट फॉर..." एवढं म्हणून ते थांबले. मग त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही त्यात नाही," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू, मला सुचलाच नाहीत. लिहायला बसलो आणि तिच्या नावामागे जे जे आहे ते लावत गेलो. तिची आई, आजी, घर, शाळा. उद्या ती इथे आली की कोण विचारणार तिला, तू कोणाची, कुठली? तुमचं आडनाव पुरेल. म्हटलं, एकदा तरी सगळं छापून घ्यावं. तुमचा मान द्यायचा राहिला, चुकलं माझं. त्याची शिक्षा तिला नको."

मामांच्या तोंडून एवढी क्रियापदं मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला त्यांची दया आली. थोरले बंधू घसा खाकरत होते. तेवढ्यात आतल्या दारातून विहीणबाई पुढे आल्या. त्यांनी पत्रिका उचलली. "तिच्या आईचं नाव कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मामांनी बोट ठेवलं. इंग्रजी बाईंना येत नव्हतं, तरी त्या जागेकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"आपल्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्या आईचं नाव नव्हतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ही राहू दे. आपली वेगळी छापा."

व्याह्यांनी थोरल्या बंधूंकडे पाहिलं. मग म्हणाले, छापू, पण आमची मराठीत असेल आणि मजकूर आम्ही लिहू. मामांनी जोरजोरात मान हलवली. मग पाणी आलं, चहाही आला. साखर घातलेला होता, मामांनी मुकाट्याने प्यायला.

निघताना विहीणबाई म्हणाल्या, "आणि तिचं नाव आम्ही बदलणार नाही. सुषमा आहे, सुषमाच राहील. माझं बदललं इथे. आता माहेरचं कोणी उरलं नाही, त्या नावाने हाक मारायला."

मामांनी चप्पल घालता घालता विचारलं, "काय होतं तुमचं नाव?"

बाई एकदम गोंधळल्या. नवऱ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं, आणि मग हळूच म्हणाल्या, "कुसुम."

मामांनी दोन्ही हात जोडले. "येतो, कुसुमताई," ते म्हणाले.

आम्ही रस्त्याला लागून वळेपर्यंत बाई दारात उभ्या होत्या.