शेवटच्या बाईमागचा टेम्पो

निघालो तेव्हा उजाडायचं होतं आणि खाडीवर धुकं असं पसरलेलं की करावे गाव कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं तेच कळत नव्हतं. आमी नऊ बायका, नऊ सायकली आणि मागं मासळीचा टेम्पो. टेम्पोत माझी सात महिन्यांची पोर. मी हँडल एवढं घट्ट धरलेलं की निघायच्या आधीच बोटं दुखायला लागली, आणि मनात एकच, आत्ता उतरावं, पोरीला घ्यावं, खोलीवर जावं आणि आतून कडी लावावी.

तुमी गावाकडच्या बायका हसाल, लेकुरवाळी बाई सायकल घेऊन समुद्राला निघाली म्हणून. पण ऐका तर खरं. आमी इथं करावेत भाड्यानं राहतो, आमचे हे वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, आणि आमच्या मालकीणबाई जनाबाय, त्या इथल्याच, आगरी. त्यांची सून प्रणाली बायकांच्या सायकल सहली काढते. सकाळी निघायचं, खाडीच्या कडेकडेनं उरणला पिरवाडीच्या समुद्रावर जायचं, संध्याकाळी परत. सायकल तीच देते. पाणी, केळी, पंक्चरचं सामान सगळं टेम्पोत, आणि कुणी दमलीच तर सायकल टेम्पोत टाकून आपण पण बसायचं.

मला यात ढकललं जनाबायनी. पोर झाली तेव्हा बारा दिवस काचेच्या पेटीत होती, आणि घरी आणल्यापासून मी तिला नजरेआड केलेली नाही. नजरेआड काय, कानाआडसुद्धा नाही. अंघोळीला गेले तरी दार उघडं, तिचा श्वास ऐकू आला पाहिजे, नाही आला की माझाच अडकतो. डॉक्टर म्हणतात पोर ठणठणीत आहे. मला ते कळतं, पण छातीला कळत नाही. तर एक दिवस जनाबाय भांडी घासता घासता म्हणाल्या, "पोर चांगली हाय गो. पेटीतून तूच भायेर नाय आलीस."

मी म्हटलं सायकल मी शाळेत असताना चालवलेली, आठवीत शाळा सुटली तशी सायकल पण सुटली. त्या म्हणाल्या सायकल कुठं जातेय, ती अंगातच असते. पोरीला घेऊन मी टेम्पोत बसते, टेम्पो तर तुमच्याबरोबरच आहे. मग मला नाही म्हणायला काही राहिलंच नाही.

निघायच्या आधी प्रणालीनं नियम सांगितले. एका रांगेत चालवायची, कानात गाणी लावायची नाहीत, आणि टेम्पो कायम सगळ्यात शेवटच्या बाईच्या मागं राहणार, तिला सोडून तो पुढं जायचा नाही. एवढं ऐकलं आणि माझं ठरलं. आज दिवसभर शेवटची मीच.

पाम बीचच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला मोठ्या सोसायट्या, पण त्यांचे खालचे मजले धुक्यात बुडालेले, वरचेच मजले दिसत होते, म्हंजे घरं हवेत लटकलीत असं वाटत होतं. दुसऱ्या बाजूला तिवरं (खाऱ्या पाण्यातली झाडं) आणि त्यांच्या पलीकडं चिखलात गुलाबी गुलाबी ठिपके. जवळ गेल्यावर ठिपक्यांना पाय फुटले. फ्लेमिंगो. शेकड्यानी उभे होते आणि एवढे असून आवाज नाही. मला वाटलं मी अजून झोपेतच आहे, फक्त पाय चाललेत.

पुढच्या बायका लांब गेल्या की मी ब्रेक दाबायचे. मागं टेम्पोचा घरघर आवाज आणि त्यात जनाबायचं गुणगुणणं, तेवढं कानात आलं की मी पुन्हा पाय मारायचे. प्रणाली दोनदा मागं येऊन बघून गेली. पाय दुखतात का, विचारलं. मी हो म्हटलं. गिअर हलका कर म्हणाली, मी हो म्हटलं आणि काहीच केलं नाही. माझ्या पायांना काही झालेलं नव्हतं. आठ बायका माझ्यासाठी पुलावर, वळणावर थांबत होत्या आणि मला लाज वाटत होती, पण भीतीपुढं लाज केवढीशी असते.

बेलापूर मागं टाकून खाडीवरचा पूल ओलांडला, खाली होड्या चिखलात कलंडून पडलेल्या, ओहोटी होती. उलव्याला चहाला थांबलो. टेम्पो तीनदा फिनेलनं धुतला होता तरी बोंबलाचा वास होताच, आणि माझी पोर त्या वासात मजेत जनाबायच्या मांडीवर. पाजायचं कसं, सगळा रस्ता. तर बायकांनी ओढण्या सोडल्या, चौघींनी चार टोकं धरली आणि रस्त्याच्या कडेला माझी खोली झाली. त्यात देशमुखकाकी होत्या, सानपाड्याच्या, साठी ओलांडलेल्या, शाळेतून रिटायर झालेल्या. ओढणी धरून त्या वर बघत म्हणाल्या, विमान चाललंय, सावकाश पाज, एवढ्या वरून काही दिसत नाही त्यांना. मी किती दिवसांनी हसले कुणास ठाऊक.

उलव्याच्या पुढं काकींचा गुडघा सुजला. चढ आला तशा त्या उतरून सायकल ढकलायला लागल्या. मी मागं होते, मी पण उतरले. टेम्पो आमच्या मागं गोगलगाईसारखा. प्रणालीनं हात जोडले, काकी, बसा टेम्पोत. काकी म्हणाल्या टेम्पोतच बसायचं तर घरी सोफा काय वाईट होता. मग माझ्याकडं वळल्या.

"मी गुडघ्यापायी मागं राहिले. तुझं काय दुखतंय?"

मला खोटं बोलता येईना. मी टेम्पोकडं बघितलं. काकींनी पण बघितलं. तेवढ्यात जनाबायनी खिडकीतून डोकं काढलं. "कला भितंस? (कशाला घाबरतेस?) मी हाय ना. जा तू."

आता शेवटच्या काकी होत्या. म्हंजे टेम्पो काकींबरोबर राहणार, आणि पोर टेम्पोबरोबर. प्रणाली म्हणाली मोठ्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर असतात, रेंगाळायचं नाही, माझ्या मागोमाग ये, मग मिठागराचा आतला रस्ता लागेल तो सरळ समुद्राला जातो. मी बसले सायकलवर. ट्रेलर बाजूनं जायचे तेव्हा सायकल आपोआप थोडी सरकायची, डोळे मिटावेसे वाटायचे, पण मिटून चालत नाही. मागचा टेम्पोचा आवाज बारीक झाला, आणखी बारीक, आणि मग नाहीच.

आतल्या रस्त्याला वळलो आणि सगळं एकदम गप्प झालं. प्रणाली पुढच्या बायकांना गाठायला निघून गेली. दोन्ही बाजूला मिठागरं, चौकोन चौकोन पाणी, त्यात आभाळ पडलेलं, वर तेच आभाळ. मधून ही बारीकशी वाट. मिठाचे ढीग उन्हात एवढे पांढरे की डोळ्यात पाणी यायचं. मला वाटलं मी जमिनीवर नाहीच, दोन आभाळांच्या मधून चाललेय, आणि फक्त माझाच श्वास ऐकू येतोय. माझा श्वास एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि चेन पडली. टेम्पो नाही, प्रणाली नाही, पुढं मागं कुणी नाही. खाली बसले. सायकल शिकवताना भावानं चेन चढवायची दाखवली होती, आधी खालच्या दात्यात अडकवायची, मग पायडल उलटं फिरवायचं. एकदा निसटली, दोनदा निसटली, बोटं काळी झाली, कपाळ पुसलं तर ते पण काळं. तिसऱ्यांदा बसली. पायडल मारून बघितलं, गरगर फिरलं, आणि मी एकटीच म्हटलं, जमलं की गं.

तेव्हा एकदम आठवलं. पोर. एवढा वेळ मला पोरीची आठवणच नव्हती. किती वेळ ते सांगता येत नाही. तिला काही झालं असेल तर ते नेमकं याच वेळात झालं असेल, असं वाटायला लागलं. मी सायकल उलटी वळवली.

बाजूच्या मिठागरात एक बाई लांब दांड्यानं मीठ ओढत होती. कधीची बघत होती काय माहीत. तिनं विचारलं कुठं निघालीस. मी म्हटलं समुद्राला. ती म्हणाली समुद्र त्या अंगाला आहे, आणि तू तोंड इकडं करून उभी.

"पोर मागं राहिलंय," मी म्हटलं.

"कुनाकडं?"

"घरमालकिणीकडं. टेम्पोत."

"मंग रस्त्यात टाकलंय काय तू," ती म्हणाली आणि पुन्हा मीठ ओढायला लागली.

मी तिथं उभी राहिले. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. मग सायकल सरळ केली. कशी केली ते मला अजून कळलेलं नाही. पुढचा सगळा रस्ता मी रडत गेले, पण सायकल थांबवली नाही.

पिरवाडीला पोचले तर बायका पाण्यात पाय सोडून बसलेल्या. समुद्र खाडीसारखा करडा, पण हलणारा. मी वाळूत बसले ती रस्त्याकडं तोंड करून. दूध भरून आलं, कुर्ता भिजला, एका बाईनं न विचारता आपली ओढणी माझ्या खांद्यावर टाकली. अर्धा तास गेला असेल. तो माझ्या जन्मातला सगळ्यात मोठा अर्धा तास.

टेम्पो आला. काकी आत बसलेल्या, सायकल मागं आडवी, आणि पोर काकींच्या मांडीवर, काकींचा चष्मा तोंडात घालून. मी धावत गेले. जनाबाय खाली उतरत म्हणाल्या, "ररली थोडी. मंग राहिली." काकी म्हणाल्या, गुडघ्यानं नाही, हिनं मला टेम्पोत बसवलं, रडत होती तर जनाबायला एकटीला कसं सोडायचं.

म्हंजे ती रडली. आणि मी नव्हते. आणि ती राहिली.

प्रणालीचं माहेर जवळच आहे, तिच्या आईनं पोपटी आणली होती (मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं ठेवून बाहेरून जाळ करतात). बरोबर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. काळ्या हातानंच खाल्लं. पोर वाळूत बसून वाळू खायला बघत होती आणि नऊजणी तिला नको नको म्हणत होत्या.

परत येताना मी मधे होते, चौथी का पाचवी. दोनदा मागं वळून बघितलं. तिसऱ्यांदा बघायचं राहून गेलं.

करावेला पोचलो तेव्हा भरती आली होती, सकाळचा चिखल सगळा पाण्याखाली. हे मार्केटातून आलेले, ओट्यावर बसलेले. मी सायकल पुसत होते तर त्यांनी विचारलं, पोर राहिली का तुझ्याबिगर? म्हटलं राहिली, रडली आणि राहिली. बरं झालं म्हणाले आणि तिला उचलून आत गेले.

मी राहिले का, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मिठागराचं सांगावं लागलं असतं, आणि ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुमी लांब आहात म्हणून तुमाला सांगते. मी राहिले. चेन चढवायला लागते तेवढा वेळ, पण राहिले.