किसन यायलाय!

देवगाव फाट्यावर आमी तिघं रिटायर फौजी बाकड्यावर बसलो की हॉटेलवाला आधी टीव्ही बंद करतो. म्हणतो, "काका, करा सुरू तुमची लंका!" पस्तीसच्या वर वर्षं झाली, पण किस्से काई सरत न्हाईत. उलट दर बैठकीला एखादा वाढतोच, आन त्यात माधवचा हात जास्त!

माधव सेलूचा, बोट चालवायचा. किसन राणीसावरगावचा, मेंढरंवाल्याच्या घरचा. मी मानवतचा. तिघंबी एकाच कंपनीत सॅपर. म्हंजे फौजेच्या पुढं जाऊन पूल बांधायचे, वाटेतले सुरुंग काढायचे.

*

सत्त्याऐंशी साली शांतिसेनेतून लंकेला जायची ऑर्डर आली तसं मी घरी पत्र टाकलं. मायनं मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं. "रावणाचं गाव हाय ते. कुणी साधू दारात आला तरी रेषेच्या भायेर पाय टाकू नको."

सगळी बरॅक हसली. आमच्या हरियाणाच्या मेजरसाहेबानं मात्र पत्राचा अर्थ विचारून घेतला आन गंभीर झाला. सुरुंग काढलेल्या वाटेला आमी दोन्ही बाजूनं पांढरी फीत लावायचो. त्या फितीच्या भायेर पाय टाकला की संपलं.

साहेब म्हणाला, "तुम्हारी माँ को तो पूरी ट्रेनिंग है!"

*

उतरायचा दिवस. किनारा जवळ आला, माधवनं बोट थांबवली, आमी छातीभर पाण्यात उड्या मारल्या. समोरून गोळ्या यायलेल्या. किसननं गोदावरीपेक्षा मोठं पाणी कधी बघितलंच न्हवतं. पाठीवर एवढं ओझं, त्यो गेला खाली. वर आला तवा तोंडभर पाणी थुंकून वरडला, "आरं, खारं हाय की! मेंढरं पिणार न्हाईत!"

वाळूत पालथे पडलो होतो, जीव मुठीत धरलेला, आन हसू काई आवरंना!

*

पुढं एक तुटका पूल होता. किसन तो बघायला एकटाच गेला. लय वेळ झाला, गडी दिसंना. वायरलेस माझ्याकडं. साहेब त्यावरून सारखा विचारायलेला, "किसन कहाँ है?"

तेवढ्यात झाडीतून किसन येताना दिसला. आनंदाच्या भरात मी आपली गावाकडचीच बोली ठोकली, "किसन यायलाय, साहब!"

"क्या लाया?"

"यायलाय, साहब!"

"अरे हाँ, लेकिन लाया क्या?"

मी घाबरून म्हणालो, "कुछ नहीं लाया साहब, मोकळाच यायलाय!"

तवापासून किसन कुठूनबी आला की सगळी कंपनी एका सुरात वरडायची, "क्या लाया?" आजबी गंगाखेडकडून आलेल्या गाडीतून किसन फाट्यावर उतरला की माधव बाकड्यावरूनच हाळी देतो. एकदा कंडक्टरनं त्याची पिशवी तपासली!

*

आता हा किस्सा फाट्यावर आमी सांगत न्हाई.

सॅपरचा नियम एकच. पुढच्यानं जिथं पाऊल टाकलं, तिथंच मागच्यानं टाकायचं. त्या दिवशी वाट मी साफ करायलो होतो. पोटावर पडून, सळई तिरकी धरून, बोट-बोट जमीन टोचत. मागून गाड्या खोळंबलेल्या, घाई चाललेली. शेवटचं हातभर मी भराभर टोचलं आन फीत लावली. म्हणालो, "साफ!"

माझ्या मागं किसन होता. त्याचा डावा पाय गेला.

दवाखान्यात भेटायला गेलो. किसननंच तोंड उघडलं, "माझा डावा बूट सापडला का रे? सरकारी हाय, जमा करावा लागंल."

मी रडलो. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. मग दरवर्षी राहात गेलं.

*

रिटायर झाल्यावर बायकोनं मला कापूस निंदायला नेलं. मी आपला एकेका गवताच्या बाजूनं खुरपं तिरकं घालायलोय, हळूच माती सारायलोय. दुपारपर्यंत अर्धीच ओळ झाली!

ती म्हणाली, "आवो, लंकेत असंच करायचे का? मग लढाई संपली तरी कशी?"

मी म्हणालो, "घाई करायची न्हाई." जरा जोरातच म्हणालो. तिनं नंतर दिवसभर मला चिडवलं न्हाई.

*

परवा किसननं हुरड्याला बोलावलं. माधव कणसं भाजायच्या आगटीपाशी जाऊन बसलाबी. किसन आन मी मागं राहिलो. ज्वारीला पाणी दिलेलं, काळ्या रानात नुसता चिखल. किसनचा रबरी पाय त्यात रुतायलेला.

किसन म्हणाला, "तू पुढं हो. तुझ्या पावलावर पाय ठेवून येतो."

माझे पायच हालंनात. इतक्या वर्षांचं एकदम तोंडाला आलं. "किसन, त्या दिवशी शेवटचं हातभर मी नीट टोचलं न्हवतं. घाई केली."

किसननं रुतलेला पाय चिखलातून उपसला. मग म्हणाला, "मागंच व्हतो की मी. बघितलं व्हतं."

"मग आलास कशाला?"

"तू साफ म्हणालास ना! चल आता पुढं, हुरडा निवायलाय."

मी निघालो. एक पाऊल टाकायचो आन थांबायचो. मागं चिखलात पाय पडल्याचा आवाज आला की दुसरं टाकायचो. वळून बघायची हिंमत न्हवती.

आगटीपासून माधव वरडला, "आरं, किसन कुठं हाय?"

कसाबसा म्हणालो, "यायलाय... किसन यायलाय!"

"क्या लाया?"

मागून किसननंच हाळी दिली, "कुछ नहीं लाया साहब! मोकळाच यायलाय!"