राबातली टिटवी

रोपांसाठी ज्या तुकड्यावर भाताचं बी पेरायचं, त्यावर आधी आम्ही शेण, पाला, गवत पसरून जाळतो. त्याला राब भाजणं म्हणतात. वळवाच्या आत भाजावं लागतं; पाला भिजला की पेटत नाही. यंदा पाला कमी पडला, एक कोपरा उघडा राहिला, आणि नेमकी तिथंच टिटवीनं अंडी घातली.

आमचं शेत तळ्याला लागून आहे. टिटवीचा मला कधी पुळका नव्हता. तिच्या ओरडण्यानं डोकं उठतं. पण अंड्यांवर बसलेल्या जिवाला जाळ लावायचा, हे मला जमेना.

मुलगा म्हणाला, "आये, आभाळ बघ. आज पेटवू."

"थांब जरा."

"का? तू सुईण हाईस का तिची?"

"व्हय. तुझ्या टायमालाबी समदी थांबलीच व्हती."

तो गेला. कुत्री येतील म्हणून मी अंड्यांभोवती बोरीच्या काट्या रोवल्या. कोंबडीला लागतो तसा हिलाही आडोसा लागत असेल, असं वाटलं. टिटवी बांधावर उभी राहून ओरडत सुटली, आत जाईना. ऊन चढलं. मी सावलीत बसायची, लगेच उठायची, परत बघायची.

तळ्यावर पक्षी बघायला शहरातली माणसं येतात. त्यातली एक बाई ओरडणं ऐकून आली.

"मावशी, हे कुंपण तुम्ही केलंत?"

"मग काय टिटवीनं?"

"काढा ते. तिला चारी बाजूंनी दिसायला लागतं. काही दिसलं नाही तर ती बसणार नाही."

काट्या उपटताना हात ओरबाडले. आम्ही लांब जाऊन उभ्या राहिलो. बाईनं दुर्बीण दिली. आधी नुसतं गवत दिसलं, मग तळ्याच्या काठाला टिटवी. पाण्यात पोट बुडवत होती.

"अंडी तापत्यात, अन् ही अंघोळ करतीया!" मी चिडले.

"अंड्यांसाठीच करतेय. ओल्या पोटानं बसली की ती गार होतात."

टिटवी आली. चार पावलं चालली, थांबली, परत चालली. मग बसली. बाई गेली, पण माझा जीव काही थाऱ्यावर येईना. डोंगरामागून ढग वर येत होते.

मुलगा काडेपेटी घेऊन आला. मी म्हणाले, "पेटव. पण ह्यो कोपरा सोडून."

"हितलं रोप बारीक राहील."

"राहू दे."

कोपऱ्याजवळचा पाला आम्ही मागं ओढला, मधल्या पट्ट्यावर बादल्यांनी पाणी मारलं. मग त्यानं पलीकडून पेटवलं. टिटवी उडाली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. वारा फिरला, तसा धूर कोपऱ्यावर आला. मी बादली घेऊन इकडून तिकडं पळत होते. मुलगा ओरडला, "आये, पडशील!"

जाळ ओल्या पट्ट्याशी येऊन विझला. धूर विरायला वेळ लागला. तोवर ती बांधावर, मी बांधावर. मग ती उतरली, थांबत थांबत गेली आणि बसली.

"बसली तुझी लेक. चल आता घरला."

"तू हो फुडं," मी म्हणाले. राखेत अजून निखारे होते. मी बादली भरून आणायला तळ्याकडे गेले.