एकच पातं

पन्नास वर्षं झाली. लकडगंजमधल्या लाकूड कापायच्या एका आरा मशीनवर मी सुपरवायझर होतो आणि पात्याला धार लावायला तिथे एक म्हातारा होता. पात्याच्या पहिल्या दातावर तो खडूची खूण करायचा आणि कानस चालवत पुन्हा त्या खुणेशी येईपर्यंत मान वर करायचा नाही. पातं एकच होतं. तेवढा वेळ मशीन बंद आणि माणसं बिड्या ओढत बसलेली.

काम कुठे अडतं ते लिहून दे, असं मालकांनी मला सांगितलं. मी म्हाताऱ्याला विचारलं. हात न थांबवता तो म्हणाला, "दुसरं पातं आणाले सांगा, साहेब. एक चालून राहिलं का दुसऱ्याले मी धार लावून ठेवतो."

इतकं सोपं होतं. पण मालकांनी नुकताच लाकडासाठी नवा ट्रक घेतला होता, आणि पुन्हा खर्चाचं बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी लिहिलं, 'धार लावणारा फार सावकाश काम करतो.'

त्याच्या जागी नवा माणूस आला. मशीन तितकंच थांबत राहिलं, फक्त बाहेर लाकडाचा ढीग वाढला.

महिन्याभराने म्हातारा आपली कानस न्यायला आला.

"पात्याचं सांगतलं होतं ना तुम्ही मालकाले?"

मी हो म्हणालो.

"मंग तुमचा काय दोष, साहेब," म्हणत त्याने मला हात जोडले.