बाळाला पाहायला वडील आले

लग्न होऊन मी दिवेआगरहून राजपुरीसमोरच्या बेटावर, किल्ल्यात राहायला गेले. यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. तटाच्या आत सगळी सरमिसळ वस्ती. शेजारी हबशी कुटुंब, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. समोर कोकणी मुसलमान, तळ्याच्या वाटेवर कोळी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे इस्राएली तेली. माहेरी यातलं कुणी आमच्या ओटीवरही चढलं नव्हतं.

बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलं होतं, पण आषाढातच कळा सुरू झाल्या. दर्या इतका खवळलेला की होडी सुटेना. शेजारची हबशी म्हातारी आली. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. कोळणीनं पाणी तापवलं, तेलीण तेलाची वाटी घेऊन आली. बाळ आडवं होतं. मी जगेन असं मला वाटेना. खालानं आम्हां दोघींना सोडवलं.

नारळी पौर्णिमा झाल्यावर वडील आले. खाला पडवीत पाय पसरून मुलीला न्हाऊ घालत होती. वडील पायरीवरच थबकले.

"ही कोण?"

"खाला. हिनंच माझं बाळंतपण केलं, बाबा."

"पोरीच्या डोक्यावरून पाणी घाल, मग माझ्याकडे दे," ते मला म्हणाले.

"आताच न्हायलीय, बाबा," खाला हसत म्हणाली आणि बाळ तिनं पुढे केलं. वडील मागे सरले. तेव्हा तिला कळलं. तिचे हात तसेच पुढे राहिले. पायाखालची फरशी दुभंगावी असं वाटलं.

"घ्यायची तर हिच्याच हातून घ्या," मी म्हणाले. बापाला उलट बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ.

वडिलांनी नारळाची पिशवी पायरीवर ठेवली आणि ते किल्ल्याच्या दरवाज्याकडे चालू लागले. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावले. वडिलांनी त्याला हात लावला नाही. परतीच्या होडीची वाट बघत ते उन्हात बसून राहिले.

खालानं मुलीला पुसून माझ्या मांडीवर दिलं. "म्हातारं माणूस हाय. छत्री तरी पाठव," ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

माहेरच्यांसाठी लांबवलेलं बारसं शेवटी त्यांच्याविनाच झालं. सगळ्या शेजारणी आल्या. पाळणा हलवता हलवता कोळणीनं विचारलं, "आजोबा न्हाय आले?"

मी तोंड उघडण्याआधीच खाला म्हणाली, "त्यांना होडी लागते गं, मळमळतं."

बायका हसल्या. मी दुपटं सारखं करायच्या निमित्तानं पाळण्यात वाकले आणि बराच वेळ मान वर केली नाही.