दोन उंचवटे

आज दुपारी प्रयोगशाळेतल्या पडद्यावर, आलेखात दोन उंचवटे स्पष्ट उमटले. युरेनियमचं केंद्रक फुटलं की बहुधा एक तुकडा हलका निघतो, एक जड. त्यांचा वेग आणि ऊर्जा मोजून आम्ही वस्तुमान काढतो. हे यंत्र सुधीरने माझ्याबरोबर उभारलं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांशी त्याचा वाद झाला आणि त्याची खरेदी विभागात बदली झाली.

मी धावत त्याच्याकडे गेले. "सुधीर, दोन्ही तुकडे वेगळे दिसले!"

"अभिनंदन, मॅडम. काही मागवायचंय का?"

पूर्वी तो मला नावाने हाक मारायचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या तुकड्यांची दखल घेणारे आम्ही. शेजारचा माणूस विझत गेला, ते कुणी टिपलं नाही.

परतले, तर साहेब पडद्यासमोर उभे राहून फोटो काढून घेत होते.